पातीचे जोडे

त्या साली कापसाची पऱ्हाटी डिसेंबरातच उपटून टाकावी लागली, आणि महामायाच्या पायांना जायला कुठं जागा उरली नाही.

एरवी पिंपळगाव राजाच्या शिवारात कापूस माणसाला होळीपर्यंत सोडत नाही. पहिली वेचणी, दुसरी, तिसरी, आणि विहिरीला पाणी असलं तर फरदड, म्हणजे त्याच झाडांना पाणी देऊन घेतलेलं जादा पीक. बाई सकाळी कमरेला ओटी बांधून वावरात शिरली की दिवस कुठं गेला ते तिला कळत नाही. पण २०१७च्या त्या हंगामात फुलंच धड उमलली नाहीत. पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटल्या त्या मिटल्याच. बोंड वरून टपोरं दिसे, फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी. बीटीचं बियाणं आलं तेव्हा या अळीचं नावच लोक विसरून गेले होते. आता ती परत आली, अन् अशी ऐसपैस पसरली की जणू घर तिचंच होतं. महामायाच्या नवऱ्यानं, माणिकरावांनी, कशाबशा दोन वेचण्या केल्या, निघालेला पिवळा, डागाळलेला कवडी कापूस मागच्या खोलीत ओतला आणि एका सकाळी ट्रॅक्टर बोलावून सगळं वावर मोकळं करून टाकलं. त्या दिवसापासून ते ओट्यावर बसू लागले. कुणी काही विचारलं तर 'हाव' नाहीतर 'नाही', तिसरा शब्द नाही.

महामायाला मात्र बसणं जमेना. सवयीनं ती वावरात जाई, उघडी काळी जमीन पाही आणि परत येई. आल्यावर भांडी घाशी. घासलेली भांडी पुन्हा घाशी. दारातून चुलीपाशी, चुलीपासून दारात.

"बस न एका जागी," माणिकराव म्हणाले.

"बसलं की पाय जास्तच वळवळते," ती म्हणाली आणि झाडू घेऊन झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला निघाली.

त्रेपन्न वर्षांची बाई, उंच, हाडापेरानं काटक. आजवर तिला असं झालं नव्हतं. कामच इतकं असे की पायांचं म्हणणं ऐकायला सवडच मिळाली नव्हती.

त्याच महिन्यात मलकापूरला तिच्या धाकट्या भावाच्या, अर्जुनरावांच्या, मुलीचं लग्न झालं. अर्जुनराव तिथल्या शाळेत मास्तर. लग्न हॉलमध्ये होतं, आणि हॉलची फरशी अशी गुळगुळीत की तोंड पाहावं. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, जेवणाच्या पंगती उठल्या, आणि पाहुण्यांपैकी एक आठ-नऊ वर्षांची पोरगी चाकाचे बूट घालून त्या फरशीवर घसरायला लागली. दर चार हातांवर पडे. बाया हसत होत्या. महामाया हसत नव्हती. ती पोरीच्या घोट्यांकडे टक लावून पाहत होती.

"गुडघे वाकव, माय," ती एकदम म्हणाली. "ताठ राह्यली तं पडशीनच. अन् पायाकडं पाहू नको, समोर पाह्य."

पोरीनं गुडघे वाकवले आणि हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत न पडता गेली.

"तुम्हाले कसं माहीत व हे?" एका विहिणीनं विचारलं.

महामायानं ते कित्येक वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी निघून गेलं. "मी लहानपणी बर्फावर खेळली. शिमल्याले. खाली पाती असलेले जोडे राहते."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. शेजारी उभे असलेले अर्जुनराव मात्र हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. धाकटा भाऊ मोठ्या बहिणीला हसतो तेवढंच ते होतं.

"ताई, आपण शिमल्याले होतो हे खरं," ते म्हणाले. "पण तू कुठं खेळत होती? आपण दोघं बाहेरून जाळीले नाक लावून पाहत होतो. आत साहेबाईचे लेकरं राहत होते. ड्रायव्हरच्या लेकराईले कोण आत घेते?"

"तू झोपेल राहत होता. बाबा मले पहाटे नेत होते, लोकं यायच्या आंधी."

"रोज झोपेल राहत होतो?"

ती लोखंडी जाळी महामायालाही आठवत होती. तिचा गार वास, नाकाच्या शेंड्याला बसलेला चटका, सगळं.

त्यांचे वडील भगवंतराव सैन्यात ड्रायव्हर होते. महामाया नऊ वर्षांची असताना त्यांची बदली शिमल्याला झाली आणि पुढचे काही हिवाळे सगळं कुटुंब तिथल्या क्वार्टरमध्ये राहिलं. शहराच्या मधोमध एक मोठं मैदान होतं. रात्री त्यावर पाणी मारत. थंडीनं त्याची काच होई, आणि सकाळी ऊन यायच्या आत लोक त्यावर घसरत, फिरत, गिरक्या घेत. महामायाच्या आठवणीप्रमाणे तिथल्या चौकीदाराची आणि बाबांची ओळख होती. एका साहेबाच्या मुलीचे जुने जोडे बाबांनी मागून आणले होते, पुढं बोळे कोंबून ते तिच्या पायांत बसवले होते. चौकीदार बर्फावर उलटा चालत पुढं असे आणि ती त्याच्या मागं. एक पाय दे, दुसरा घे. एक पाय दे, दुसरा घे.

बाबा निवृत्त झाले आणि ते गावी परतले. शाळेत तिनं हे सांगितलं तेव्हा पोरी तिला 'बर्फवाली' म्हणू लागल्या. गावात बर्फ म्हणजे उन्हाळ्यात नांदुऱ्याहून भुशात गुंडाळून येणारी गोळेवाल्याची लादी. तिच्यावर कोणी उभं राहतं काय? लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी तिनं माणिकरावांना सांगून पाहिलं. ते "असं" म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला उठले. मग तिनं सांगणंच सोडून दिलं. आई गेली, बाबा गेले. विचारावं असं कोणी राहिलं नाही.

मलकापूरहून परत येताना एस.टी.त ती खिडकीशी बसली होती आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, अर्जुन म्हणतो तेच खरं असलं तर? जाळीतून पाहिलेलंच आपण इतकं घोळवलं असेल की ते आपलंच वाटायला लागलं?

घरी आल्यावर तिचं येरझाऱ्या घालणं दुप्पट झालं.

त्यांचा एकुलता एक मुलगा देवानंद हिमाचलात, बद्दीला, एका औषधाच्या कारखान्यात कामाला होता. त्याच्या बायकोला सातवा महिना होता. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून महामायानं फेब्रुवारीत यावं असं ठरलं होतं. महामायानं फोन करून सांगितलं की ती आत्ताच येते.

"अजून येळ आहे, आई," देवानंद म्हणाला.

"अथी काय आहे? वावर खाली पडेल आहे. देवा, बद्दीहून शिमला किती दूर?"

"तीन-चार तास. काऊन?"

"काही नाही. पुसलं."

माणिकरावांना ती म्हणाली, "तुम्ही बी चाला. ओटा कुठं पळून नाही जात."

ते म्हणाले, "हाव."

जायच्या आधी ती मागच्या गल्लीतल्या शाहजादीकडे गेली. शाहजादी कपडे शिवे, आणि तिचा नवरा वाहेद कापूस पिंजून गाद्या भरे. दोघी सारख्याच वयाच्या. महामाया तिला 'शाहजादी' म्हणे, ती महामायाला 'भाभी'. महामायानं मशीनपाशी बसून सगळं सांगितलं. मलकापूरचं, अर्जुनचं, आणि मनात आलेलं तेही. शाहजादी पायडल न थांबवता ऐकत होती.

"मग जाऊन पाह्यतो म्हणता," शेवटी ती म्हणाली.

"पाह्यतो नाही. उतरतो. पायाले ठाव असीन तं ते सांगतीन. नसीन तं आयुष्यभर मी खोटं बोलली समजीन."

"साडीत नाही जमणार ते भाभी. पायात गुतून मरसान."

"म्हणून तं आली."

शाहजादीनं माप घेतलं. महामायानं लग्न झाल्यापासून साडीखेरीज काही अंगावर घातलं नव्हतं. माप देताना ती पोरीसारखी अवघडली. दोन दिवसांनी शाहजादीनं जाड कापडाचा सलवार-कमीज पुढं ठेवला. गुडघ्यांवर आणि मागच्या बाजूला आतून कापसाचे जाड थर टाचले होते. महामायाच्याच घरचा कवडी कापूस, वाहेदनं पिंजून दिलेला.

"बाजारात नाही चालला न तुमचा माल," शाहजादी म्हणाली. "हाडाखाली चालीन."

बद्दीला दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. बाहेर धुकं आणि ट्रकांची रांग. महामायानं सुनेला चूल-भांड्यांना हात लावू दिला नाही, पण दोन खोल्यांचं काम सकाळी नऊला संपे, आणि मग राहिलेला सगळा दिवस तिच्या पायांत शिरे. देवानंद ड्युटीवरून आला की ती पाण्याचा पेला त्याच्या हातात द्यायच्या आधी विचारी, "शिमल्याले बर्फ जमला का?"

त्याला एव्हाना सगळं कळलं होतं आणि ते त्याला मुळीच पसंत नव्हतं. तरी तो फोनवर पाहून सांगे. "ढग आहे, आई. ढग असले की ते जमत नाही म्हणते."

"अन् आज?"

"आज बी ढग."

एकदा तो चिडला. "तेथी लहान लहान पोट्टे राहते, आई. तुले एवढं मोठं पडताना पाहून लोकं व्हिडिओ काढतीन. अन् हाड मोडलं तं? हिचे दिवस भरत आले, तुले कोण पाहीन?"

देवानंदचं म्हणणं चूक नव्हतं, हे महामायाला दिसत होतं. उत्तर दिलं ते सुनेनं, खाटेवरून.

"घेऊन जा न त्याईले. दिवसभर या दारातून त्या दारात करून राह्यल्या. पाहून पाहून माये पाय दुखायले लागले."

पुढच्या शनिवारी आभाळ निवळलं. शेजारची एक बाई रात्रीपुरती सुनेसोबत राहायला तयार झाली, आणि तिघं बसनं वर गेले. देवानंदला रविवारची सुट्टी होती, सोमवारी सकाळी ड्युटी.

शिमला तिला ओळखू आलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर देवदाराची झाडं आणि लाल पत्र्यांची मोजकी घरं होती. इथं डोंगरभर सिमेंटचे मजले एकमेकांच्या खांद्यावर उभे होते. आपलं क्वार्टर कुठल्या उतारावर होतं तेही तिला सांगता येईना. स्टँडवरून लॉजपर्यंत चढताना माणिकराव दोनदा दम खायला थांबले, आणि प्रत्येक वेळी ती त्यांच्याभोवती फिरत राहिली.

सकाळी ते रिंकवर पोचले तेव्हा ऊन अजून डोंगराच्या पलीकडे होतं. आणि पहिली कुठली गोष्ट तिनं ओळखली असेल तर ती जाळी. लोखंडी, हिरव्या रंगाची, ठिकठिकाणी गंजलेली. ती जाळीजवळ गेली आणि तिचं नाक आपोआप पुढं झालं. तोच गार वास. अर्जुन खरं बोलत होता. आपण इथंच उभ्या होतो.

"काय झालं?" देवानंदनं विचारलं.

"काही नाही. चाल."

जोडे भाड्यानं मिळायच्या खिडकीशी एक म्हातारा पहाडी माणूस बसला होता. त्यानं तिच्याकडे, मग माणिकरावांकडे पाहिलं आणि सांगितलं, "माताजी, देखनेवाले उधर बैठते हैं।"

"देखने नहीं आई," महामाया म्हणाली.

म्हाताऱ्यानं आणखी काही विचारलं नाही. तिच्या पायांकडे पाहून त्यानं मागच्या फळीवरचा एक जोड काढला आणि स्वतः बाहेर येऊन बांधून दिला. नाडी त्यानं अशी आवळली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ढीला नहीं रखना। टखना मुड़ जाएगा।"

बर्फावर पाय ठेवल्याबरोबर ती पडली. पाय नुसते टेकायचा अवकाश, दोन्ही पुढं निघून गेले आणि ती मागं बसली. शाहजादीचा कापूस कामाला आला. आजूबाजूनं पाच-सहा वर्षांची पोरं सूं करत जात होती. ती कठडा धरून उठली, दोन हात पुढं सरकली आणि पुन्हा पडली, या वेळी गुडघ्यांवर. एका तरुण बाईनं हात दिला. कठड्याच्या पलीकडे देवानंद तिच्याबरोबर चालत होता, मान खाली घालून.

"आई, झालं न आता. ये बाहेर."

"जरा थांब."

"लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. त्याईनं तिकीट काढलं आहे."

ती कठड्याला धरून एक फेरी फिरली. घोटे आत वळत होते, पाठ ताठ झाली होती. लग्नात त्या पोरीला सांगितलेलं सगळं तिला माहीत होतं. गुडघे वाकव, समोर पाह्य. पण ते पाहणाऱ्यालाही माहीत असू शकतं. जाळीबाहेरून चार हिवाळे पाहिलं तर कुणालाही कळेल. दुसरी फेरी संपत आली तेव्हा तिनं मनाशी कबूल करून टाकलं होतं. नव्हतोच आपण. बाबांनी एखाद्या वेळी आत आणून उभं केलं असेल फार तर. तिला रडू येत नव्हतं, फक्त पायांतली ती वळवळ आता छातीपर्यंत चढली होती आणि तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि पळायला जमीन नव्हती.

त्याच वेळी मागून चार-पाच मोठी पोरं शर्यत लावून आली. वळणावर त्यातल्या एकाचा तोल गेला आणि तो सरळ कठड्याकडे, तिच्या अंगावर, घसरत आला. महामायानं कठडा सोडला. विचार करायला वेळच नव्हता. तिनं डावा पाय आत झुकवला, उजवा उचलून त्याच्यावरून पलीकडे टाकला, पुन्हा डावा, पुन्हा उजवा, आणि ती वळणाच्या पार होती. रिंकच्या मधोमध. कठडा दहा हात दूर. पोरगा मागं फळीवर आदळल्याचा आवाज तिनं ऐकला.

ती थांबली नव्हती. पाती तिला पुढं नेत होती.

मग तिनं पायांना सांगितलं, तसंच पुन्हा करा, आणि लगेच अडखळली. पाय एकमेकांत गुंतले. तिनं सांगणं सोडून दिलं. समोरच्या डोंगरावर उजेडाची कड आली होती, तिकडे पाहू लागली. एक पाय दे, दुसरा घे. पुढचं वळण आलं आणि उजवा पाय डाव्यावरून गेला. त्याच्यापुढचं आलं आणि पुन्हा गेला. खालून आवाज येत होता, विळीवर नारळ खवताना येतो तसा. तो आवाज जाळीबाहेर ऐकू येत नसतो. बाहेर लोकांचा गलका असतो. हा आवाज ज्याच्या पायाखाली आहे त्यालाच ऐकू येतो, आणि तो तिला पाठ होता.

तिसऱ्यांदा ती माणिकराव बसले होते त्या बाजूला आली तेव्हा वेग जास्त झाला होता. तिनं दोन्ही पाय एकदम आडवे केले. बर्फाचा भुगा उडाला आणि कठड्यावरून माणिकरावांच्या पँटवर पडला. ती उभी होती.

माणिकराव बाकावरून उठले. पँट झटकायचं त्यांना सुचलं नाही.

"हे... असं थांबणं कोणं शिकवलं तुले?"

"चौकीदारानं," महामाया म्हणाली. "त्याचं नाव नाही आठवत."

देवानंदनं कधी फोन काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली होती ते त्यालाच कळलं नसावं.

ऊन बर्फावर उतरलं तशी म्हाताऱ्यानं सगळ्यांना बाहेर बोलावलं. महामाया बाकावर बसली. ती नाड्या सोडू लागली. डावा गुडघा सुजायला लागला होता. तिला वाटलं होतं, एकदा कळलं की जीव निवेल. तो निवला नाही. उलट एक राग खालून वर येऊ लागला. आधी अर्जुनवर, मग शाळेतल्या त्या पोरींवर, मग बैलांना पाणी दाखवायला उठलेल्या माणसावर, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःवर. खरं होतं तर सांगत का राहिली नाही? चाळीस वर्षं पाय कुणी बांधून ठेवले होते?

"अर्जुनले फोन लाव," ती देवानंदला म्हणाली.

"आत्ता?"

"लाव म्हणते न."

पलीकडून अर्जुनरावांचा झोपाळू आवाज आला. महामाया म्हणाली, "अर्जुन, मी शिमल्याहून बोलून राह्यली. आत्ता खेळली बर्फावर. पायाले सारं ठाव आहे. बाबा मले पहाटे आणत होते."

"बरं, ताई."

"बरं नको म्हणू. खरं म्हण."

"खरं," अर्जुनराव म्हणाले. मग हळू आवाजात, "मले कधी आणलं नाही व बाबानं."

या उत्तराची तिनं तयारी केली नव्हती. चाळीस वर्षं आपल्या हिश्शाचं तिला दिसत होतं. अंथरुणात एकटं राहिलेलं सहा वर्षांचं पोर तिनं कधी पाहिलंच नव्हतं. "तू लहान होता," ती म्हणाली. "पुढच्या साली आणलं असतं तुले. पण बाबा रिटायर झाले."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ बर्फाकडे पाहत राहिली. त्यावर आता पाण्याचं पातळ बोट फिरल्यासारखं झालं होतं.

देवानंदनं घड्याळ पाहिलं. "दुपारची बस पकडावी लागते. चला."

माणिकराव मात्र खिडकीशी जाऊन त्या म्हाताऱ्यासमोर उभे राहिले होते. प्रवासभर त्यांचा जीव घरी परत जाण्यातच अडकला होता. वावराला नांगरट घालायची, धसकटं वेचायची. आता ते मोडक्या हिंदीत विचारत होते, "कल भी होता क्या ये?"

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "आसमान साफ रहा तो होगा।"

"तू जाय, देवा," माणिकराव वळून म्हणाले. "सूनबाई एकटी आहे. आम्ही राह्यतो इथं."

"बाबा, आईचा गुडघा पाह्यला का? अन् किती दिवस राह्यसान?"

"आभाळ सांगीन," माणिकराव म्हणाले. गेल्या महिन्याभरात ते एका वेळी इतकं बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ढग आले आणि रिंक बंद राहिली. महामाया सुजलेला गुडघा घेऊन लॉजच्या गॅलरीत फिरत राहिली, दर घटकेला आभाळाकडे मान वर करत. माणिकरावांनी कुठूनसं गरम मीठ फडक्यात बांधून आणलं आणि बस म्हणून सांगितलं. ती बसली, शेकून घेतलं, उठली. मंगळवारी आभाळ काचेसारखं निघालं.

त्या सकाळी ती कमी पडली. वेगानं गेली नाही; गुडघा सांभाळत, लांब लांब ढकलत राहिली. बाकावर माणिकरावांच्या शेजारी एक सफरचंदाच्या बागेचा मालक बसला होता, नातीला घेऊन आलेला. फेरी मारताना तिच्या कानावर त्यांच्या बोलण्याचे तुकडे येत. झाडाच्या सालीत शिरणारा किडा. बोंडात शिरणारी अळी. कितीही फवारा मारा. एका फेरीला तिनं पाहिलं, माणिकराव हातानं बोंडाचा आकार करून दाखवत होते. पुढच्या फेरीला तो माणूस माणिकरावांना विचारत होता, "वो आपकी घरवाली है?" आणि माणिकराव म्हणाले, "हाव. बचपन से खेलती है।"

ती ऐकून पुढं निघून गेली. थांबली असती तर पडली असती.

फेब्रुवारीच्या मध्याला नात झाली. महामाया गुडघ्याला पट्टा बांधून तिला न्हाऊ घालत होती. एप्रिलात दोघं पिंपळगावला परतले. गावात व्हिडिओ त्यांच्या आधी पोचला होता. काही हसले, काहींनी पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. शाहजादीनं तो आपल्या मशीनवर फोन टेकवून पाहिला आणि म्हणाली की मागची शिवण जरा ढिली पडली, पुढच्या वेळी पक्की घालते.

पेरणीच्या वेळी माणिकरावांनी निम्म्या वावरात सोयाबीन आणि तूर घेतली, निम्म्यात पुन्हा कापूस. कृषी विभागाची माणसं सांगून गेली की यंदा काहीही झालं तरी कापूस डिसेंबरच्या पुढं उभा ठेवायचा नाही, फरदड घ्यायची नाही, नाहीतर अळी फिरून येईल. लोक कुरकुरले. महामाया ओट्याच्या कडेला उभी राहून ऐकत होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

लोक पांगल्यावर तिनं देवानंदला फोन लावला.

"देवा, डिसेंबरात वावर मोकळं होते म्हणते. तिकीट आत्ताच काढून ठेव."

"दोन?"

तिनं माणिकरावांकडे पाहिलं. ते पायांत जोडे चढवून वावराकडे निघाले होते.

"तीन," ती म्हणाली. "अर्जुनमामाले पूस."

आणि फोन कमरेला खोचून, माणिकरावांना गाठायला, ती भराभर चालत निघाली.